सुधारणा सुरू झाल्यावरच लोक का पेटतात?

१८६१ सालच्या एप्रिलमध्ये रशियातल्या काझान प्रांतात, बेझ्दना नावाच्या खेड्यात, हजारो शेतकरी एका माणसाच्या घराभोवती गोळा झाले होते. त्याचं नाव अंतोन पेत्रोव्ह. त्याला जेमतेम वाचता येत होतं, पण बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं. झार दुसरा अलेक्झांडर याने नुकताच भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला होता. पिढ्यानपिढ्या जमीनदारांच्या मालकीची असलेली दोन कोटींहून अधिक माणसं कायद्याने स्वतंत्र झाली होती.

पण कायदा किचकट होता. पहिली दोन वर्षं जुनी वेठ आणि देणी तशीच चालू राहणार होती. जमीन हवी असेल तर तिची किंमत सरकारकडे हप्त्यांनी फेडायची होती, तीही ४९ वर्षं. शेतकऱ्यांना हे पटेचना. जी जमीन आपल्या आजा-पणजांनी कसली तिचे पैसे कसले? झारने खरं स्वातंत्र्य दिलेलं आहे, ते जमीनदारांनी आणि अधिकाऱ्यांनी मध्येच दडवलं आहे, अशी त्यांची खात्री झाली. पेत्रोव्हने कायद्याचं पुस्तक उघडलं आणि लोकांच्या मनात होतं तेच त्यातून वाचून दाखवलं: जमीन तुमची, वेठ संपली. त्याला पकडायला फौज आली. लोक हटले नाहीत. गोळीबार झाला, कितीतरी शेतकरी जागीच गेले आणि पेत्रोव्हलाही पुढे गोळी घालण्यात आली.

बेझ्दना एकटं नव्हतं. त्या वर्षी रशियाच्या खेड्यापाड्यांत जितका असंतोष उसळला तितका आधीच्या वर्षांत उसळला नव्हता. भूदासत्व असताना जी खदखद बरीचशी आतल्या आत राहिली, ती भूदासत्व संपल्याची घोषणा झाल्यावर बाहेर पडली.

आणखी एक तारीख घ्या. ६ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. कृष्णवर्णीयांच्या चळवळीचं ते फार मोठं यश होतं. पाचच दिवसांनी, ११ ऑगस्टला, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली. सहा दिवसांत ३४ माणसं मेली. अनेकांनी तेव्हा विचारलं, एवढं दिलं तरी हे लोक समाधानी का नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक काळात, प्रत्येक देशात विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो, पण त्याच्या प्रश्नातच एक चुकीचं गृहीतक दडलेलं असतं. ते म्हणजे, लोक दुःखामुळे उठतात, म्हणून दुःख थोडं कमी केलं की राग तेवढाच कमी होईल. राग असा वजाबाकीने उतरत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीचा अभ्यास करताना अॅलेक्सी द तोकव्हिल यांच्या हे लक्षात आलं होतं. १८५६ मध्ये त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा: वाईट राजवटीसाठी सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे ती सुधारायला लागते तो. ज्या अन्यायातून सुटकाच नाही असं वाटतं, तो माणूस सोसतो. पण सुटका शक्य आहे एवढं एकदा मनात आलं की तोच अन्याय असह्य होतो. अन्याय तेवढाच राहतो किंवा थोडा कमीही होतो, तो मोजण्याची पट्टी मात्र बदललेली असते.

फ्रान्समध्ये हे अगदी सरळ दिसतं. राज्याची तिजोरी रिकामी झाली म्हणून सोळाव्या लुईने १७८९ मध्ये तिन्ही वर्गांची सभा बोलावली. १६१४ नंतर ती भरलीच नव्हती. सभेआधी देशभरातल्या गावांना आणि पेशांना सांगण्यात आलं की तुमच्या तक्रारी लिहून पाठवा. लोकांनी हजारो वह्या भरल्या. मिठावरचा कर, जमीनदारांची कबुतरं आणि ससे पिकं खातात ते, शिकारीचे राखीव हक्क, न्यायालयांची दिरंगाई, सगळं त्यात आलं. ५ मे रोजी सभा सुरू झाली आणि पहिल्याच प्रश्नावर अडकली: मतं माणशी मोजायची की वर्गवार? वर्गवार मोजली तर सरदार आणि धर्मगुरू मिळून दोन, बाकी सगळा देश एक. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं गाऱ्हाणं कागदावर उतरवलं होतं त्यांच्यासाठी हा निव्वळ कामकाजाचा मुद्दा उरला नव्हता. लोकांना त्यांची गाऱ्हाणी विचारणं हेच एक वचन असतं. विचारून झाल्यावर काहीच न करणं हे कधीच न विचारण्यापेक्षा वाईट, असं मला वाटतं.

समाजशास्त्रात यासाठी एक शब्द आहे, सापेक्ष वंचितता. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. माझ्याकडे काय नाही यावर माझा राग ठरत नाही. जे मला मिळायला हवं असं मी मानतो आणि जे मला मिळतं, यांतल्या अंतरावर तो ठरतो. आणि काय मिळायला हवं हे मी ठरवतो ते तीन गोष्टींवरून: मला काल काय मिळत होतं, माझ्या शेजारच्याला आज काय मिळतं, आणि मला कोणी काय कबूल केलं होतं. म्हणून अतिशय गरीब देश वर्षानुवर्षं शांत राहू शकतो आणि वेगाने वर येणारा देश एका मंदीत पेटू शकतो. अमेरिकन अभ्यासक जेम्स डेव्हिस यांनी १९६२ मध्ये हेच दाखवलं: क्रांत्या बहुधा लांबलेल्या चांगल्या काळानंतर अचानक घसरण आली की होतात. परिस्थिती खाली येते, पण अपेक्षा आधीच्या वेगाने वर चढतच राहतात.

याचं मला सगळ्यात पटलेलं चित्र अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७३ मध्ये रंगवलं. अशी कल्पना करा की तुम्ही एका लांब बोगद्यात गाडी घेऊन अडकला आहात. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन रांगा आहेत आणि दोन्ही ठप्प आहेत. थोड्या वेळाने शेजारची रांग हलते. तुम्हाला काय वाटेल? आधी बरं वाटेल. पुढे कोंडी फुटली, आता आपलाही नंबर येईल. शेजारच्याचा हेवा वाटणार नाही, कारण त्याचं पुढे जाणं ही तुमच्यासाठी आशेची बातमी आहे. पाच मिनिटं जातात, दहा जातात. ती रांग भरधाव निघाली आहे आणि तुमची जागची हललेली नाही. आता तुम्हाला संशय येतो की कोणीतरी लबाडी करत आहे. आणि मग एरवी वाहतुकीचे नियम पाळणारा माणूस मधली रेघ ओलांडून दुसऱ्या रांगेत गाडी घुसवायला निघतो.

या उदाहरणात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. एक म्हणजे सुरुवातीची शांतता. सुधारणांच्या पहिल्या काही वर्षांत विषमता वाढूनही लोक गप्प असतात, आणि सत्ताधारी त्याला संमती समजतात. ती संमती नसते. लोकांनी दिलेली ती मुदत असते, आणि मुदत संपल्याची नोटीस येत नाही. दुसरी गोष्ट हर्शमन यांनीच सांगितली आहे. शेजारची रांग आपल्यासारख्याच माणसांची असेल तर धीर जास्त काळ टिकतो. त्या रांगेत सगळे एकाच भाषेचे, एकाच धर्माचे, एकाच वंशाचे दिसत असतील, तर तिचं पुढे सरकणं आपल्यासाठी आशा ठरतच नाही. त्यांचं चाललंय, आपलं नाही, हे पहिल्या मिनिटापासूनच मनात येतं. अपेक्षाभंगाचं रूपांतर जमाती-जमातींतल्या वैरात होतं ते इथून.

आता वॉट्सकडे परत वळू. मतदान हक्क कायदा मुख्यतः दक्षिणेतल्या राज्यांसाठी होता. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीयांना मत आधीपासूनच देता येत होतं. त्यांची दुखणी वेगळी होती: पोलिसांची वागणूक, बेकारी आणि घर. घराचा प्रश्न तर सुटता सुटता हातातून गेला होता. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करायला मनाई करणारा कायदा केला, आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये राज्यातल्या मतदारांनी सार्वमत घेऊन, मोठ्या बहुमताने, तो निकामी केला. म्हणजे दूरदर्शनवर देशभर समतेच्या घोषणा आणि स्वतःच्या गल्लीत पुढे टाकलेलं पाऊल मागे. एवढं दिलं तरी का समाधानी नाहीत, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या केर्नर आयोगानेही १९६८ मध्ये आपल्या अहवालात हे नोंदवलं, की न्यायालयांतल्या आणि कायदेमंडळांतल्या मोठ्या विजयांनी ज्या आशा जागवल्या त्या पुऱ्या न झाल्याचं वैफल्य या उद्रेकामागे आहे.

राजकीय हक्क आणि रोजचं जगणं यांच्यातल्या या फटीबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे सांगितलं, त्याहून स्पष्ट कोणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असा त्यांचा इशारा होता. त्याच भाषणाचा दुसरा भाग बरेचदा अर्धाच सांगितला जातो. सत्याग्रह, कायदेभंग, असहकार हे मार्ग आता सोडून द्या, असं ते म्हणाले. पण त्याला त्यांनी एक कारण जोडलं होतं: घटनात्मक मार्ग खुले नव्हते तेव्हा त्या मार्गांचं समर्थन करता येत होतं, आता ते मार्ग खुले आहेत. लोकांनी संयम पाळावा ही अपेक्षा आणि दार खरंच उघडं असणं, ही त्यांच्या लेखी एकाच वाक्याची दोन अंगं होती. पहिलं अंग लोकांना ऐकवायचं आणि दुसरं विसरायचं, हा त्या भाषणावर अन्याय आहे.

मग सुधारणा अर्ध्यावर का अडतात? जुने सत्ताधारी विरोध करतात हे उघड उत्तर झालं, आणि ते खरंही आहे. पण पूर्व युरोप आणि माजी सोव्हिएत देशांकडे पाहून अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोएल हेलमन यांनी १९९८ मध्ये वेगळंच उत्तर दिलं. त्यांच्या मते पुढची पावलं अडवणारे मुख्यतः सुधारणांचा फटका बसलेले लोक नव्हते. पहिल्या टप्प्यात ज्यांचं भलं झालं तेच आडवे आले. रशियात २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक किमतींवरचं नियंत्रण उठलं आणि सामान्य माणसाची आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली. बाजार खुला झाला, पण स्पर्धेचे नियम, स्वतंत्र न्यायालयं, करवसुली यांतलं काहीच धड उभं नव्हतं. या मधल्या अवस्थेत ज्यांना सरकारी भावाने घेऊन बाजारभावाने विकता येत होतं, त्यांनी अफाट पैसा केला. १९९५ मध्ये सरकारला कर्ज देण्याच्या बदल्यात बँकवाल्यांच्या हाती तेल आणि निकेलच्या प्रचंड कंपन्या गेल्या. यांना जुनी व्यवस्था परत नको होती, आणि नवी पुरी व्हायलाही नको होती. अर्धवटपणा हीच त्यांची कमाई होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं सुधारणा फसली. ज्यांच्यासाठी ती थांबवली गेली त्यांच्या दृष्टीने ती उत्तम चालली होती.

अशा वेळी लोक सुधारणेवरच रागावतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. ट्युनिशियाकडे पाहा. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद या गावात महंमद बुअझीझी या फेरीवाल्या तरुणाने अधिकाऱ्यांच्या जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी २०११ रोजी तेवीस वर्षं सत्तेवर असलेले बेन अली देश सोडून पळाले. निवडणुका झाल्या, २०१४ मध्ये नवी राज्यघटना आली, पुढच्या वर्षी तिथल्या चार संघटनांच्या गटाला शांततेचं नोबेल मिळालं. पण सिदी बूझिदसारख्या आतल्या भागांत रोजगार आलाच नाही. २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा अनेक लोक रस्त्यावर उतरले, ते आनंद साजरा करायला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये संसदेची निवडणूक झाली तेव्हा जेमतेम ११ टक्के मतदार मतदानाला आले. दहा वर्षांपूर्वी मतासाठी जीव देणाऱ्या देशात मतपेटीकडे पाठ फिरवली गेली. या लोकांना लोकशाहीची किंमत कळली नाही असं म्हणणं सोपं आहे. त्यांच्या दारात लोकशाही फक्त निवडणुकीच्या दिवशी आली, हे जास्त खरं आहे.

राग कोणाकडे वळणार, हे मात्र आधी ठरलेलं नसतं. तो वळवला जातो, आणि त्यात सुधारणांचा क्रमसुद्धा मोठं काम करतो. याबाबत स्पेन आणि युगोस्लाव्हिया शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्हीकडे दीर्घ हुकूमशाही किंवा एकपक्षीय राजवट, दोन्हीकडे वेगळी भाषा आणि वेगळी ओळख असलेले प्रांत, दोन्हीकडे महागाई.

युगोस्लाव्हियात १९८९ मध्ये महागाई हजार टक्क्यांच्याही पुढे गेली होती. १९९० मध्ये पहिल्यांदा अनेक पक्षांच्या निवडणुका झाल्या, पण त्या एकेका प्रजासत्ताकात वेगवेगळ्या. वसंतात स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया, हिवाळ्याच्या तोंडाशी बोस्निया, डिसेंबरमध्ये सर्बिया. सबंध देशाची निवडणूक कधी झालीच नाही. त्यामुळे सगळ्या देशातून मतं मागावीत असं कोणत्याही पुढाऱ्याला वाटण्याचं कारणच नव्हतं. आपल्या प्रजासत्ताकातल्या बहुसंख्याकांना शेजाऱ्याची भीती घालणं पुरेसं होतं. बोस्नियात मुस्लिम, सर्ब आणि क्रोएट अशा तीन जमातींचे तीन पक्ष मिळून बहुतेक सगळ्या जागा घेऊन गेले. महागाई, बंद पडणारे कारखाने, बेकार तरुण, या सगळ्याचा जाब कोणाला विचारायचा याचं उत्तर तयार होतं: शेजारच्याला. १९९२ च्या एप्रिलमध्ये बोस्नियात युद्ध सुरू झालं आणि १९९५ अखेर ते थांबेपर्यंत सुमारे एक लाख माणसं मेली होती. निवडणुकांच्या क्रमाने युद्ध घडवलं असं मी म्हणणार नाही. सर्बियाचा नेता मिलोशेविच याच्यासारख्या माणसांनी ते घडवलं. पण त्यांच्यासाठी रस्ता मोकळा होता.

स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला. अडोल्फो सुआरेझ हे त्याच राजवटीतून आलेले पंतप्रधान. त्यांनी राजकीय सुधारणेचा कायदा डिसेंबर १९७६ मध्ये सार्वमताला टाकला आणि प्रचंड बहुमताने मंजूर करून घेतला. एप्रिल १९७७ मध्ये लष्कराचा रोष पत्करून कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली. जूनमध्ये निवडणूक झाली ती सबंध देशाची. कॅटलोनिया आणि बास्क प्रांताच्या स्वतंत्र निवडणुका त्यानंतर, १९८० मध्ये.

पण मला त्याहून मोठी वाटते ती ऑक्टोबर १९७७ मधली घटना. महागाई २६ टक्क्यांच्या आसपास होती. सुआरेझ यांनी उजव्यांपासून कम्युनिस्टांपर्यंत सगळ्या मुख्य पक्षांना मोंक्लोआ या आपल्या सरकारी निवासस्थानी बोलावलं आणि एक करार झाला. पगारवाढ पुढच्या वर्षी २२ टक्क्यांच्या वर जाणार नाही, म्हणजे कामगारांनी खरी झळ सोसायची. त्या बदल्यात श्रीमंतांवर अधिक दराने आयकर, संघटना करण्याचं आणि सभा घेण्याचं स्वातंत्र्य, आणि नव्या राज्यघटनेच्या कामात सगळ्यांना जागा. झळ कोणाला, किती आणि कशासाठी, हे उघड सांगितलं होतं, आणि सांगताना झळ बसणाऱ्यांचे प्रतिनिधी टेबलाशी होते. सगळं गोड झालं नाही. बेकारी पुढे कितीतरी वर्षं वाढत राहिली, बास्क दहशतवाद्यांनी शेकडो बळी घेतले. तरीही २३ फेब्रुवारी १९८१ रोजी सिव्हिल गार्ड या निमलष्करी दलाचे सशस्त्र लोक संसदेत घुसले आणि त्यांचं बंड फसलं, तेव्हा लाखो लोक लोकशाहीच्या बाजूने रस्त्यावर आले. त्यांच्या अपेक्षा पुऱ्या झालेल्या नव्हत्या. पण आपल्याला कोणी फसवलं असं त्यांना वाटत नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि समाज टिकतो की फुटतो ते बऱ्याच अंशी या फरकावर ठरतं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग सुधारणांच्या भानगडीत पडूच नये, लोकांच्या आशा जागवूच नयेत. रशियाच्या झारांनी हाच निष्कर्ष काढला. १८८१ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाल्यावर त्याच्या मुलाने वडिलांच्या सुधारणा आवळत आणल्या. शेतकऱ्यांचे ते जमिनीचे हप्ते चालूच राहिले. ते रद्द करण्याची घोषणा झाली १९०५ मध्ये, क्रांतीने देश हादरल्यावर. बेझ्दनाच्या गोळीबारानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, आणि तोपर्यंत त्या घोषणेवर विश्वास ठेवायला फारसं कोणी उरलं नव्हतं.

दुसरी वाट ब्रिटनची, तीही काही सुरेख नव्हती. १८३२ च्या सुधारणा कायद्यासाठी कामगारांनी मध्यमवर्गाच्या खांद्याला खांदा लावून मोर्चे काढले. कायदा झाला तेव्हा मत मिळालं मध्यमवर्गाला. इंग्लंड-वेल्समध्ये प्रौढ पुरुषांतल्या सुमारे पाचातल्या एकालाच ते मिळालं, आणि बायकांना तर नाहीच. या अपेक्षाभंगातून चार्टिस्ट चळवळ उभी राहिली. तिच्या मागण्या सहा: सगळ्या प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, सारखे मतदारसंघ, खासदारांना पगार, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द, आणि दरवर्षी संसदेची निवडणूक. १८३९ मध्ये संसदेकडे केलेला पहिला अर्ज फेटाळला गेला, आणि त्या वर्षी वेल्समधल्या न्यूपोर्टला चार्टिस्टांच्या मोर्चावर सैनिकांनी झाडलेल्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसं मेली. १८४२ मध्ये तेहेतीस लाखांवर सह्यांचा दुसरा अर्ज आला. संसदेने तोही ४९ विरुद्ध २८७ मतांनी झिडकारला.

मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. शहरी कामगारांपैकी अनेकांना १८६७ मध्ये मत मिळालं. १८७२ मध्ये गुप्त मतदान आलं, तेव्हा १८४२ च्या अर्जावर विशीत सही करणारा कामगार पन्नाशीला पोचला होता. मतदारसंघ बरेचसे सारखे झाले १८८५ मध्ये आणि खासदारांना पगार सुरू झाला १९११ मध्ये. एकविसाव्या वर्षी प्रत्येक पुरुषाला मत, ही पहिली मागणी १९१८ मध्ये मान्य झाली. त्या डिसेंबरात निवडणूक झाली तेव्हा अर्जावर सही करणाऱ्यांचे नातू-पणतू मतदानाला गेले, आणि त्यांच्यातले काही नुकतेच पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परतले होते.